कापसाचे आठ बोळे

मुलांनो, डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एका जुन्या गाडीखाली चला. गाडी मोठी आहे, उंच चाकांची, वाळूत रुतली तरी निघेल अशी. तुम्ही गाडी नेहमी बाहेरून बघता. आज पाठीवर उताणं झोपून, डोकं आधी आत घालून, सरपटत यायचं. आलात? आता वर बघा. इथे रंग नाही, काचा नाहीत, दिवे नाहीत. गाडीच्या नाकापासून शेपटापर्यंत दोन लांब लोखंडी दांडे गेले आहेत, पेटीसारखे चौकोनी आणि आतून पोकळ. याला चासी म्हणतात. इंजिन, चाकं, आत बसलेली माणसं, सगळा भार यांच्यावर. हात लावून बघा. तळाला भोकं लागतील, अंगठा जाईल एवढी. एका दांड्याला चार, दुसऱ्याला चार. कारखान्यात मुद्दाम पाडलेली.

ही भोकं कशासाठी असतील? घाई नको, सावकाश विचार करा. मुझनाच्या आजोबांनी घाई केली होती. खरं तर त्यांना हा प्रश्न पडलाच नव्हता.

मुझना अकरा वर्षांची. तिचं गाव सूर शहराच्या दक्षिणेला, अगदी किनाऱ्याला लागून. तिथे बंदर नाही, धक्का नाही. होड्या वाळूवर असतात. गाडीने त्या पाण्यात ढकलायच्या आणि गाडीनेच ओढून वर घ्यायच्या. त्यामुळे तिथल्या गाड्यांची मागची चाकं रोज लाटेत असतात. अशा कामाला कोणी नवी गाडी लावत नाही. मस्कतच्या एखाद्या माणसाने दहा वर्षं वापरून सोडलेली गाडी घेतात आणि खारं पाणी तिला खाऊन टाकीपर्यंत चालवतात.

मुझनाच्या वडिलांनी, सालमीनने, ही गाडी तशीच घेतली होती. विकणाऱ्याने तिच्या पोटाला नुकताच काळा लेप मारला होता, चकचकीत. सालमीन त्याला म्हणाला, "एवढं काजळ घातलंयस, म्हणजे डोळे नीट बघायलाच हवेत." मग तो छोट्या मुझनाला घेऊन खाली शिरला आणि हातोडीने ठोकत ठोकत पुढे सरकला. शाबूत लोखंड टण्ण वाजतं. कुजलेलं वाजत नाही, नुसतं थप करतं. त्या दिवशी सगळीकडे टण्ण वाजलं, आणि गाडी घरी आली.

दर शुक्रवारी नमाजाहून आल्यावर सालमीन गोड्या पाण्याने गाडीचं पोट धुवायचा. दांड्यांच्या बाजूलाही भोकं असतात, त्यांत तो नळी घालायचा आणि आतलं मीठ धुऊन काढायचा. मुझनाचं काम खाली वाकून बघायचं. तळाच्या भोकांतून आधी लाल पाणी येई, मग गढूळ, मग स्वच्छ. स्वच्छ आलं की तिने ओरडायचं, "स्वच्छ." मगच नळ बंद.

एका गुरुवारी सालमीन सुरमईला गेला. होडी दुसऱ्या दिवशी उलटी सापडली. तो सापडला नाही. गाडी मात्र त्याने लावली होती तिथेच होती, समुद्राकडे तोंड करून, आणि किल्ली नेहमीसारखी पुढच्या चाकावर. तीन दिवस लोक होड्या घेऊन शोधत होते, तीन दिवस गाडी तिथेच उभी होती. भरतीचं पाणी तिच्या चाकांच्या मधोमध येऊन परत जात होतं.

चौथ्या दिवशी आजोबांनी ती घरी आणवली. गाडीत समोर ठेवलेल्या कपात सालमीनने चघळून ठेवलेल्या खजुराच्या बिया होत्या. त्या कोणी टाकल्या नाहीत. सीटवर त्याचा डोक्याला गुंडाळायचा मस्सर होता, तोही तसाच राहिला. मुझनाची आई, झुवैना, गाडी चालवायला शिकली आणि मुझनाला त्याच गाडीतून शाळेत सोडू लागली. मुझना मागे बसून मस्सर मांडीवर घ्यायची. घरात सालमीनचं नाव निघालं की आजोबा उठून बाहेर जायचे. त्यामुळे त्यांच्यासमोर रडायचं नाही, हे न सांगता सगळ्यांना कळलं होतं.

आता आजोबांबद्दल सांगतो. त्यांचं नाव बखीत. चाळीस वर्षं त्यांनी सूरच्या गोदीत लाकडी गलबतांच्या फटी बुजवल्या होत्या. कापसाचा पीळ वळायचा, मुशीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, काळजाच्या तेलात भिजवायचा, दोन फळ्यांमध्ये ठेवून छिन्नी आणि मोगरीने ठोकून बसवायचा. त्यांनी बुजवलेल्या गलबतात झांझिबारपर्यंत थेंब शिरत नसे, असं म्हणत. पुढे फायबरच्या होड्या आल्या. सालमीनची होडीही फायबरची होती. तो चेष्टेने म्हणायचा, "बाबा, हिला फटच नाही. तुम्ही कुठे बोट घालणार?"

मोतीबिंदूने आजोबांचे डोळे दुधाळ झाले होते, पण बोटं शाबूत होती. गाडी घरी आली त्या आठवड्यात त्यांनी तिच्या पोटावरून हात फिरवला आणि हात त्या भोकांवर थांबला. एक, दोन, तीन, चार. पलीकडेही चार.

"ही गाडी आहे की चाळण?" ते म्हणाले. "आणि ही समुद्रात घालत होता पोरगा."

त्यांनी जुनी पेटी उघडली. अंगणात तेल गरम झालं, त्या वासाने गल्लीतली मांजरं भिंतीवर येऊन बसली. मुझनाने कापूस पिंजून दिला. आजोबांनी पीळ वळले, बोळे केले आणि आठही भोकं ठोकून बुजवली. मग उरलेलं तेल फडक्याने गाडीच्या सगळ्या पोटाला चोळलं. काम संपल्यावर ते तिथेच वाळूत बसले आणि म्हणाले, "एकाला नेलं समुद्राने. हिला नेऊ देणार नाही."

त्यानंतरच्या शुक्रवारी मुझनाने एकटीने नळी लावली. वडिलांनी शिकवलं होतं तशीच, बाजूच्या भोकात. ती खाली वाकली. तळातून काहीच आलं नाही. तिने आजोबांना विचारलं, खालून पाणी का येत नाही.

"येणारच नाही," आजोबा म्हणाले. कित्येक दिवसांनी त्यांच्या आवाजात जरा ऐट होती. "बखीतने बुजवलंय ते."

मुझनाला बरं वाटलं. ती पाणी भरत राहिली. दांडा भरून बाजूच्याच भोकातून पाणी सांडायला लागलं, ते बऱ्यापैकी स्वच्छ होतं. मग ती हळूच म्हणाली, "स्वच्छ," आणि नळ बंद केला. शेजाऱ्यांच्या होड्या ओढायला आजोबा गाडी देत, कारण त्या किनाऱ्यावर कोणाला नाही म्हणता येत नाही. आता तिला कशाची भीती, असंही ते म्हणत. होड्या ओढून आली की शुक्रवारी मुझना धुवायची. एकही शुक्रवार तिने चुकवला नाही. असे वीस महिने गेले.

आता तुम्हाला उत्तर कळलं असेल. मुझनाला ते कळायचं होतं.

गाडीच्या वार्षिक तपासणीची तारीख आली. पास झाली नाही तर गाडी रस्त्यावर आणता येणार नव्हती. झुवैना म्हणाली, वळणावर मागून करकर आवाज येतो, आधी कोणाला तरी दाखवू. म्हणून शनिवारी सकाळी तिने मुझनाला आणि आजोबांना शंबे उस्तादच्या गॅरेजवर सोडलं आणि ती जवळच बहिणीकडे गेली.

शंबे बलुची होता, जाडजूड, मोठ्या आवाजाचा. आजोबांना तो वालिद म्हणायचा, म्हणजे वडीलच. त्याने त्यांना सावलीत बाकावर बसवलं, कहवा दिला, खजूर दिले आणि विचारलं, काय दुखतंय हिचं. आजोबा म्हणाले, माझ्या पोराची गाडी आहे, एवढंच बघ, जगेल ना.

शंबेने गाडी खड्ड्यावर घेतली आणि पायऱ्या उतरून खाली गेला. मुझनाने विचारलं, मी येऊ? तो म्हणाला, ये, बॅटरी धर, फुकटची नोकर मिळते आहे तर मी कशाला सोडू.

खाली गेल्यावर त्याने आधी नाक धरलं. "या वासाने मांजरं माझं गॅरेज स्वतःच्या नावावर लिहून घेतील," तो म्हणाला. पण बॅटरीच्या उजेडात वर बघितलं आणि नाकावरचा हात काढला. मग म्हणाला, "चौदा-पंधरा वर्षांची, समुद्रात भिजलेली गाडी, आणि कातडी अशी शाबूत? कोणी केलंय हे तेल?"

मुझनाने अभिमानाने सांगितलं, आजोबांनी.

शंबेला शिकवायची हौस होती. एका कांबीवर त्याने बोट घासलं, बोट लाल झालं. ही नुसती धूळ आहे, म्हणाला, गंज अजून वरवरच आहे. तारेच्या ब्रशने घासायचा, पुसायचा, की खाली पांढरं लोखंड. याला घाबरायचं नाही. मग एका जोडापाशी माशाच्या खवल्यांसारखे पापुद्रे सुटले होते, ते त्याने नखाने उचकटले. हे जरा पुढे गेलंय, तो म्हणाला. इथे घासून घासून पापुद्रा संपेपर्यंत जायचं, मग गंज मारायचं औषध लावायचं, ते काळं पडलं की वर मेण. पण आधी धुऊन वाळवायचं. ओल्यावर लेप मारला तर गंज आत कोंडला जातो, मग तो निवांत खात बसतो.

"म्हणजे जगेल?" मुझनाने विचारलं.

"थांब. अजून कण्याला विचारलं नाही."

त्याने हातोडी घेतली. पुढून सुरुवात केली. टण्ण. टण्ण. मुझनाला तो आवाज ओळखीचा होता, ती मनात मोजत होती. मधे आला, टण्ण, पण जरा दबका. मागच्या चाकाकडे, जिथे स्प्रिंगचा भार चासीवर येतो तिथे त्याने मारलं.

थप.

त्याने स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि दाबला. फार जोरही लावला नाही. स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला, आणि त्याच्या कडेने काळं-लाल पाणी शंबेच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. त्याने दुसऱ्या बाजूला मारलं. तिकडेही थप. मग त्याने खाली हात फिरवला, बोटाला बोळा लागला, आणि तो चिडला.

"कुठल्या शहाण्याने ही भोकं बुजवलीत?" तो मोठ्याने म्हणाला. "हाताला लागू दे, त्याच्या दोन्ही नाकपुड्यांत हाच कापूस कोंबतो."

मुझनाने बॅटरी बोळ्यावरून बाजूला फिरवली. वर बाकावर कहव्याचा कप ठेवल्याचा आवाज झाला.

"उस्ताद," आजोबांची हाक आली. "आत्ता जिथे मारलंस, तिथे परत मार."

शंबेने मुझनाकडे बघितलं. मारलं नाही.

"मार. मी चाळीस वर्षं फळ्या ऐकल्यात. सडलेली अशीच बोलते."

त्याने हलकेच मारलं. थप.

आजोबा पायऱ्यांपाशी आले. मुझना धावत वर गेली, त्यांचा हात धरून त्यांना एक एक पायरी खाली आणलं. त्यांनी हात वर केला. शंबे म्हणाला, वालिद, लोखंड कापेल, राहू द्या. पण बोटं पुढे गेली होती. आधी त्यांना कुजलेली जागा लागली, ओल्या भाकरीसारखी. मग तिच्या पुढे बोळा लागला. त्यांनी त्याची शेपटी चिमटीत धरून ओढली, तिचं टोक तुटून हातात आलं, ते उलगडून बघितलं. गोदीतले सगळे जण उजवीकडे पीळ देत. बखीत डावरे होते, ते डावीकडे देत.

"माझाच आहे," ते म्हणाले. "कोंब माझ्या नाकात."

शंबेचा चेहरा पडला. त्याने हात पुसले, परत पुसले. म्हणाला, वालिद, मला माफ करा, मला काय माहीत.

"माफी नको. सांग. भोकं कशाला असतात?"

शंबेने हळू आवाजात सांगितलं. गाडीच्या कण्यात पाणी शिरतंच. वरून, बाजूने, सांध्यातून, कुठूनही. ते कोणी थांबवू शकत नाही. म्हणून तळाला भोकं ठेवतात, आलेलं पाणी निघून जावं म्हणून. होडीत पाणी येऊ द्यायचं नसतं. इथे फक्त जाऊ द्यायचं असतं. बाहेरचं तेल उत्तम आहे, तो म्हणाला, बाहेरून हिला काही झालेलं नाही. ती आतून गेली.

"पण आत पाणी आलं कुठून एवढं?" आजोबांनी विचारलं. "होड्या ओढताना शिंतोडे उडतात तेवढेच ना?"

मग मुझना बोलली. इतक्या हळू की शंबेला वाकावं लागलं.

"मी भरलं. दर शुक्रवारी. बाबा नळी लावायचे तशी. खालून येत नव्हतं तरी मी भरत होते."

पाणी अजून ठिबकत होतं.

आजोबांनी अंदाजाने हात पुढे केला आणि तिचं डोकं सापडेपर्यंत चाचपडले. मग हात तिथेच ठेवला. "तू विचारलं होतंस मला," ते म्हणाले. "मी फुशारकी मारली."

थोड्या वेळाने त्यांनी शंबेला विचारलं, वेल्डिंग होईल का. शंबेने मुझनाच्या हातातून बॅटरी घेतली, दोन्ही बाजू परत ठोकून बघितल्या, मग सांगितलं. नवा तुकडा धरायला जुनं लोखंड तरी हवं. इथे हातभर लांबीत धरायलाच काही नाही, आणि जागा अशी की सगळा भार इथेच येतो. "वरून पत्रा चिकटवून, काळा लेप मारून मी तपासणीपर्यंत नेऊन सोडेन. असे मारणारे आहेत. पण ही मागच्या सीटवर बसून शाळेत जाते ना?"

"नको," आजोबा म्हणाले.

"वर्ष-सहा महिन्यांपूर्वी आणली असती, तर..." शंबे म्हणाला.

आजोबा पायरीवर बसले. त्यांच्या हातात बोळ्याचं ते तुटलेलं टोक होतं, ते त्याचा पीळ परत वळत होते, सवयीने.

"त्याच्या होडीला मी कधी हात लावला नव्हता," ते म्हणाले. "मला वाटायचं, लावला असता तर तो आला असता परत. वीस महिने हेच वाटत होतं. आणि जिला हात लावला, ती ही."

शंबेने तोंड फिरवलं. आजोबांचे खांदे हलत होते, पण आवाज नव्हता. मुझनाने त्यांना रडताना आधी कधी पाहिलं नव्हतं. तिला वाटलं होतं, त्यांना रडता येत नसेल.

मग शंबे त्यांना धरून वर घेऊन गेला, बाकावर बसवलं, गार पाणी दिलं. म्हणाला, ही आता इथून चालवत न्यायची नाही. मी सोमवारी भंगारवाल्याला बोलावतो, तुम्ही आतलं सामान काढून घ्या. मुझनाने मस्सर काढून आजोबांच्या मांडीवर ठेवला. कपातल्या खजुराच्या बिया रुमालात बांधल्या, अकरा होत्या. डिकीत आजोबांची पेटी होती. ती तिने उघडली, छिन्नी आणि मोगरी घेतली आणि परत खड्ड्यात उतरली.

शंबे काठावर येऊन उभा राहिला. "आता कशाला, पोरी? आता काढून काय होणार?"

पहिला बोळा आजोबांच्या ओढण्याने आधीच सैल झाला होता, तो ओढल्याबरोबर निघाला. पाणी तिच्या हातांवर, बाहीवर, मग पायांवर पडलं. दुसरा, तिसरा, चौथा. ती पलीकडच्या दांड्याखाली गेली. तिकडचा शेवटचा निघेना.

"मागचा असेल," वरून आजोबा म्हणाले. "तो मी घट्ट मारलाय. छिन्नी तिरपी धर, सरळ नको. हळू."

तिने छिन्नी तिरपी धरली. बोळा सुटला आणि वीस महिन्यांचं गार पाणी तिच्या तोंडावर आलं. तिने ते पुसलं नाही. त्यात आता तिचंही पाणी होतं, पण ते वेगळं दिसत नव्हतं.

आठ बोळे तिने खड्ड्याच्या काठावर ओळीने ठेवले. मग शंबेकडे पाण्याची नळी मागितली. त्याने नळी सोडली आणि नळ उघडला. मुझनाने ती बाजूच्या भोकात घातली, वडील घालायचे तशी, आणि खाली वाकून बघत बसली. खालून पाणी धो धो येऊ लागलं. लाल, अगदी लाल, त्यात लोखंडाचे पापुद्रे.

बराच वेळ गेला. बाकावरून आजोबांनी विचारलं, "आलं का स्वच्छ?"

"अजून नाही," मुझना म्हणाली, आणि तिने नळी आणखी थोडी आत सरकवली.